रोजे ठेव, पण जिभेखालची गोळी सोडू नकोस

बेटा,
अस्सलाम अलैकुम.

काल फोनवर तू म्हणालास, गर्द (हेरॉइन) सोडवायला डॉक्टर देतात ती जिभेखालची गोळी पहिल्या रोजापासून बंद. अम्मी 'माशाअल्लाह' म्हणाली. मी गप्प राहिलो, कारण माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतोस. म्हणून लिहायला बसलो.

आधी चांगलं सांगतो. व्यसनमुक्ती केंद्रात फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर हाफिजसाहेब तुम्हाला घेऊन बसतात, तू आता हिज्जे न करता, अक्षर अक्षर न जुळवता कुरआन वाचतोस, हे अम्मी फुप्पीच्या घरापर्यंत सांगून आली. लहानपणी मक्तबात, मशिदीच्या शाळेत, असताना तू अर्धा कायदा, म्हणजे अरबी अक्षरांचं पुस्तक, टाकून मागच्या भिंतीवरून पाटलाच्या वावरात पळायचास. दोन्ही खिशांत बोरं, कायद्याची पानं मुडपलेली, आणि विचारलं की म्हणायचास, सुट्टी झाली. त्याच पोराने परवा सूरह रहमान म्हणून दाखवली. मी रजईला टाके घालत होतो. ऐकता ऐकता टाका कुठे गेला समजलं नाही, सगळी ओळ उसवावी लागली. उसवताना वाईट वाटलं नाही.

पण गोळी बंद करू नकोस.

तुझ्या शेजारच्या खाटेवरचा सांगतो की ही गोळी म्हणजेसुद्धा नशाच. मी दारव्ह्याला जाऊन मौलानांना विचारलं. त्यांनी सूरह बकराची 185 वी आयत काढून दाखवली: आजारी माणसाने राहिलेले रोजे नंतर पुरे करावेत, अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवंय, अवघड नको. म्हणाले, मजेसाठी घेतो ती नशा, डॉक्टर मोजून देतो तो इलाज. आणि इलाज करा, हे तर हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनीच सांगितलंय. या गोळीचा असर बराच वेळ राहतो. सहरी, म्हणजे पहाटेचं खाणं, संपायच्या आत ती विरघळेल अशी वेळ लावता येते का, हे डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले तर रोजाही ठेव. नाही म्हणाले तर यंदाचे रोजे पुढे पुरे कर.

आणि हाफिजसाहेबांना एक विचार, शराब एका दिवसात हराम झाली का? आधी आयत आली की तिच्यातला गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे. मग आली की नशेत नमाजच्या जवळ जाऊ नका. सूरह माइदात पूर्ण मनाई आली ती शेवटी. अल्लाहने त्या लोकांना पायरीपायरीने खाली उतरवलं. डॉक्टर तुझा डोस तसाच कमी करतायत. तू एकदम उडी मारायला का निघालास?

बघ, पुन्हा माझी तकरीर, भाषणबाजी, सुरू झाली. रागावू नकोस. तुला आता माझ्यापेक्षा जास्त येतं.

मला भीती दुसरीच आहे, ती लिहूनच टाकतो. गोळी सुटली की तलब येणार. इतके महिने गर्द नाही, त्यामुळे तुझ्या शरीराची सवय मोडली आहे. पूर्वी जेवढी पचायची तेवढीच आज घेतली तर श्वास बंद पडू शकतो. जिनिंगवाल्याच्या पोराचं हेच झालं. केंद्रातून सुटून आला, हट्टाने सगळं औषध सोडलं, नमाजला पहिल्या सफेत, पहिल्या रांगेत, उभा राहायचा. त्याच्या मय्यतीला तू माझ्या बाजूला उभा होतास. त्याच्या नमाजमध्ये काही कमी नव्हतं, बेटा. गोळी कमी पडली.

थोरलीच्या सासऱ्यांनी अंगणात तुला जे ऐकवलं, ते मनात धरू नकोस. बुखारीत हदीस आहे: एक सहाबी, हुजूरांचा सोबती, पुन्हा पुन्हा शराब पिऊन पकडला जायचा. कोणीतरी त्याच्यावर लानत केली, शाप दिला, तर हुजूरांनी अडवलं. म्हणाले, लानत करू नका, त्याचं अल्लाह आणि रसूलवर प्रेम आहे. मौलानांकडून ऐकल्यापासून ही हदीस डोक्यातून जात नाही. त्या दिवशी अंगणात मला हेच म्हणायचं होतं, शब्द सापडले नाहीत.

कपाशीची शेवटची वेचणी झाली, भाव नाही. धाकटीचा दहावीचा अभ्यास चालू आहे. तुझी सायकल तीच नेते. गोऱ्ह्याचा पाय बरा आहे.

चाँद दिसायच्या आत डॉक्टर आणि हाफिजसाहेब, दोघांना एकत्र बसवून विचार. जे ठरेल ते जुम्म्याच्या नमाजनंतर मला फोनवर सांग, मी दुकानातच असतो. अम्मीशी गोळीबद्दल सध्या बोलू नकोस, तिला मी समजावतो.

तुझे
अब्बा