मशाल दिसली, धावपटू राहिला

योशिनोरी साकाई यांच्यावरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमा प्रांतात जन्मलेल्या या तरुणाने 1964 मध्ये टोकियो ऑलिंपिकची ज्योत पेटवली, इथेच लेख संपतो. वास्तविक ते 400 मीटरचे धावपटू. ऑलिंपिक संघात निवड हुकली, तरी 1966च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांनी 4x400 रिलेचे सुवर्ण आणि 400 मीटरचे रौप्य मिळवले.

आपल्याकडेही मशाल घेऊन मैदानाला फेरी मारणाऱ्या मुलामुलींचे हेच होते. फोटोखाली नाव येते, तेही पाहुण्यांच्या (आणि त्यांच्या पदांच्या) लांबलचक रांगेनंतर! सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांच्या नाशिक जिल्ह्यात तरी मशालधारकाच्या नावापुढे त्याची शर्यत आणि सर्वोत्तम वेळ छापावी.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक