किती जणांतून किती?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात वैद्यकीय संशोधनाच्या बातम्या आता आठवड्यातून दोन-तीनदा तरी असतात आणि आमच्या घरी त्या अग्रलेखाच्याही आधी वाचल्या जातात, कारण घरात साठीच्या आतले कोणीच नाही. मी इंदूरच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले, त्यामुळे अशी बातमी वाचताना हातात लाल पेन असल्यासारखी माझी नजर चालते, हे आधीच सांगून टाकते. माझे म्हणणे एवढेच आहे की ‘अमुक घेतल्याने धोका इतके टक्के कमी’ हे वाक्य अर्धवट असते. हजार जणांत आधी कितींना तो आजार होत होता, नंतर कितींना झाला आणि ते हजार जण होते कोण, एवढे त्यात आल्याशिवाय ते छापू नये.

हे पत्र लिहायला बसले ते गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरी घडलेल्या प्रसंगामुळे. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, शहात्तर वर्षांचे आहेत आणि चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी करून त्यांना स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवलेला आहे. त्यांच्या गोळ्यांचा सात वारांच्या सात कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा जाऊबाई दर रविवारी भरतात. एका रविवारी डबा उघडला तर रक्तदाबाची, साखरेची, कोलेस्टेरॉलची अशा बाकीच्या गोळ्या संपलेल्या, आणि ॲस्पिरिनची छोटी पांढरी गोळी मात्र सातही कप्प्यांत जशीच्या तशी. विचारल्यावर अण्णांनी मोबाइल पुढे केला. कुटुंबाच्या गटावर कोणीतरी वर्तमानपत्राचे कात्रण पाठवले होते. दैनिकाचे नाव वरून कापले गेले होते आणि ठळक अक्षरांत मथळा होता की ज्येष्ठांनी रोज ॲस्पिरिन घेणे निरुपयोगी असून उलट रक्तस्राव वाढतो. अण्णांनी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केले. छापून आलेले ते गंभीरपणे घेतात. डॉक्टरांना विचारावे असे त्यांना वाटलेच नाही, कारण त्यांच्या मते ती बातमी म्हणजे डॉक्टरांचेच म्हणणे होते. त्याच संध्याकाळी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून गोळी पुन्हा सुरू झाली आणि सुदैवाने काही विपरीत घडले नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने ही गोळी आपल्या मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे त्या कात्रणात कुठेही नव्हते.

यातली खरी खोच अशी की ती बातमी खोटी नव्हती. ‘ॲस्प्री’ नावाचा हा अभ्यास ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ वृद्धांवर झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी, असे सुमारे पावणेपाच वर्षे चालले. अपंगत्व किंवा स्मृतिभ्रंश न येता जगण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. मोठा रक्तस्राव मात्र ॲस्पिरिनच्या गटात ३.८ टक्के लोकांना झाला, दुसऱ्या गटात २.८ टक्के लोकांना. याच आकड्यांवर ‘रक्तस्रावाचा धोका ३८ टक्क्यांनी वाढला’ असाही मथळा देता येतो आणि ‘शंभरात एकाला जास्त’ असाही. दोन्ही खरे आहेत, पण वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो पहिल्यानेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना या अभ्यासात मुळात घेतलेच नव्हते, म्हणजे अण्णांना त्यांनी दारातूनच परत पाठवले असते. ‘ज्यांना आधी हृदयविकार झालेला नाही अशांमध्ये’ हे सहा शब्द मथळ्याखाली असते, तर जाऊबाईंचा तो रविवार वेगळा गेला असता.

दुसरे उदाहरण मिठाचे आहे, आणि पोह्यांवर मूठभर सेव घातल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही त्या आम्हां इंदूरकरांना ते जास्त लागू आहे. आमच्या महिन्याच्या बीसीत (म्हणजे भिशीत) एका मैत्रिणीने मोठ्या उत्साहाने सांगितले की तिने घरातले मीठ बदलून ‘लो सोडियम’ आणले आहे, कारण त्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी होतो असे वाचनात आले. हा आकडाही खरा आहे. चीनच्या ग्रामीण भागातील ६०० गावांच्या जणू चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांना नेहमीचे मीठ आणि निम्म्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असे मिश्र मीठ दिले गेले. एकूण २०,९९५ माणसे होती, पाठपुरावा पावणेपाच वर्षांच्या आसपासचा, आणि निष्कर्ष २०२१ मध्ये आले. नेहमीच्या मिठाच्या गावांत दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण ३४ जणांना पक्षाघात झाला, मिश्र मिठाच्या गावांत २९ जणांना. स्वयंपाकघरातला एक डबा बदलून हजारात पाच माणसे पक्षाघातापासून वाचणे ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे, आणि ‘१४ टक्के’ या कोरड्या शब्दापेक्षा ती ‘हजारांत चौतीसऐवजी एकोणतीस’ अशी सांगितली तर अधिक मनात भरते. संशोधन लहान करून दाखवावे असे मी म्हणत नाही; ते आहे त्या मापाचे दाखवावे, एवढेच.

पण ती माणसे कोण होती, हे माझ्या मैत्रिणीने वाचलेल्या बातमीत नव्हते. एक तर आधी पक्षाघात होऊन गेलेले, नाहीतर साठीच्या पुढचे आणि रक्तदाब वाढलेले, असेच लोक त्यात निवडले होते. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना वगळले होते. तिच्या घरी मात्र सासरे मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी औषध घेतात आणि त्यांची आमटीही त्याच मिठाची. दुबळ्या मूत्रपिंडाला जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडवू शकते. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये असे मीठ वापरण्याची जी शिफारस केली तीही प्रौढांपुरती आहे आणि तिच्यातून गरोदर स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण स्पष्टपणे वगळलेले आहेत. (उपासाचे सैंधव म्हणजेच हे कमी सोडियमचे मीठ, असाही एक समज आमच्या बीसीत निघाला. सैंधव हे जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, आणि त्यात सहसा आयोडीनही घातलेले नसते.)

शिवाय चीनच्या त्या खेड्यांत मीठ पोटात जाते ते मुख्यतः घरच्या चुलीवरून. आमच्याकडे सकाळच्या पोह्यांवरची सेव, वर भुरभुरलेला जिरावण हा खारट मसाला, चहाबरोबर पुन्हा सेव, जेवणात लोणचे आणि पापड, एवढे मीठ नमकीनवाल्याच्या कढईतून आणि बरणीतून येते, आणि घरातला मिठाचा डबा बदलून त्यातला एक कणही बदलत नाही. तेव्हा तोच लाभ इंदूरच्या घरात तेवढाच मिळेल असे धरून चालता येत नाही, आणि हे सांगण्यासाठी वार्ताहराला वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही. ‘हे कुठे आणि कोणावर झाले’ एवढे विचारले की पुरते.

उलट्या बाजूचेही एक उदाहरण द्यायला हवे, कारण काही वेळा आपल्याकडच्या फार मोलाच्या संशोधनाची बातमी टक्केवारीमुळेच फिकी पडते. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांचा ‘राशन्स’ हा झारखंडमधील अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. फुप्फुसाच्या क्षयरोगाच्या २,८०० रुग्णांच्या घरांतल्या १०,३४५ माणसांवर तो झाला. दोन्ही गटांतील रुग्णांना धान्य दिले गेले, पण घरच्या इतर माणसांना ते एकाच गटात मिळाले : महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. धान्य न मिळालेल्या ४,७२४ जणांपैकी १२२ जणांना पुढे क्षयरोग झाला, मिळालेल्या ५,६२१ जणांपैकी ९६ जणांना. म्हणजे हजारी २६ ऐवजी १७. संशोधकांनी स्वतःच हिशेब मांडला आहे की सुमारे ३० घरांना असे धान्य दिले तर एक नवा रुग्ण टळतो. आता यावर ‘पौष्टिक आहाराने क्षयरोगाचा धोका निम्म्यावर’ असा मथळा दिला, तर मध्यमवर्गीय वाचक प्रथिनांची पावडर विकत आणतो. तीस घरांचा तांदूळ आणि डाळ असे लिहिले, तर तोच वाचक सरकारला विचारू शकतो की एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळतात, त्यात सध्याच्या भावाने एका घराची किती डाळ येते?

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाविषयीचा २०२३ चा एक अभ्यास तर माझ्या वाचनात कोणत्याही मराठी दैनिकात आला नाही. आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त अंदाजाने नव्हे तर मोजून पाहिले आणि ठरलेले सगळे उपचार एकदम केले, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्के राहण्याऐवजी १.६ टक्के राहिले.

एक मुद्दा भाषेचा आहे. मराठीत रक्ताची तपासणी हीही ‘चाचणी’ आणि औषधाचा माणसांवरचा प्रयोग हीही ‘चाचणी’, त्यामुळे ‘चाचणीत सिद्ध झाले’ याचा अर्थ वाचक आपापल्या परीने लावतो. इंदुरात तर ‘ड्रग ट्रायल’ हे शब्द ऐकताच माणूस हात मागे घेतो, आणि त्याला कारण आहे : रुग्णांवर नीट न सांगता प्रयोग होतात या तक्रारींवरून येथील स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि रुग्णाची संमती घेतानाचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याचा २०१३ चा आदेश त्याच प्रकरणातून निघाला. म्हणून प्रत्येक बातमीत निदान एवढे यावे की लोकांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते की लोक आपापल्या परीने जगत असताना त्यांचे नुसते निरीक्षण केले होते. फरक मोठा आहे. नेहरू पार्कात सकाळी फिरायला येणारे म्हातारे ठणठणीत दिसतात, पण ज्यांचे गुडघे चालत नाहीत ते तिथे येतच नाहीत. तेवढ्यावरून नेहरू पार्क गुडघे बरे करते, असे कोणी लिहू नये. कॉफी, बदाम आणि उशिरा झोपणे यांच्यावरच्या निम्म्या बातम्या मला या जातीच्या वाटतात. भारतातल्या औषध-प्रयोगांची नोंद २००९ पासून सार्वजनिक नोंदवहीत करणे सक्तीचे आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. येथील संशोधनाच्या बातमीखाली तो नोंदणी क्रमांक छापला तर एका ओळीपेक्षा जास्त जागा जाणार नाही.

माझी विनंती अशी की आरोग्य पानावर अशा बातमीसोबत एक छोटी चौकट असावी आणि तिच्यात अभ्यास कोणावर झाला, कशाशी तुलना केली, किती काळ चालला आणि हजारांत कितींऐवजी किती, एवढेच असावे. हे आकडे बहुतेक वेळा मूळ निबंधाच्या सारांशातच असतात आणि सारांश वाचायला पैसे पडत नाहीत. संपादकीय विभागाला वेळ नसेल, तर आठवड्यातल्या दोन-तीन बातम्यांचे आकडे काढून पाठवण्याचे काम मी घरबसल्या आनंदाने करीन. निवृत्तीनंतर पेपर तपासायची सवय गेलेली नाही.

हे पत्र पाठवण्यापूर्वी अण्णांना वाचून दाखवले. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. मी कच्च्या मसुद्यात गोळी आठवडाभर बंद होती असे लिहिले होते. त्यांचे म्हणणे, आधीच्या आठवड्यातल्या चार गोळ्या त्यांनी खणात ठेवल्या होत्या, त्या धरून अकरा दिवस.

कळावे,
आपली एक वाचक
(निवृत्त प्राध्यापिका, संख्याशास्त्र)
लोकमान्य नगर, इंदूर