पंगतीला बसण्याआधी

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. रोज व्हिडिओवर तोंड बघतो आणि तरी हा कागद कशाला, असं बाबा म्हणतीलच. फोनवर हे सांगायला मी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा हवापाण्यावर आणून सोडलं. बाबांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून ताई वाचून दाखवेल. ताई, तूही हे आजच ऐकतेयस. मध्येच थांबून मला फोन लावू नकोस, आधी पुरं वाच.

2014 सालचं माझं हर्नियाचं ऑपरेशन आठवतं? ते हर्नियाचं नव्हतं.

त्या वेळी माझं वजन 113 किलो होतं. शुगर निघून दीड वर्ष झालं होतं. रात्री झोपेत माझा श्वास अडायचा. तुमच्या सुनेने एकदा फोनवर माझं घोरणं टेप करून ऐकवलं, तर घोरण्यापेक्षा मधली शांतताच भयंकर होती. तोंडाला मास्क लावून झोपायची वेळ आली. डाएट तोवर चार-पाच वेळा झालं होतं. दर वेळी दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे. तेव्हा मेलबर्नमधल्या एका सर्जनकडे जाऊन मी जठराला बँड बसवून घेतला.

बाबा मेकॅनिक माणूस, म्हणून त्यांना कळेल असं सांगतो. सिलिकॉनचं एक कडं असतं. ते जठराच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते तिथे बसवतात. पोट फाडत नाहीत, चार-पाच छोट्या भोकांतून दुर्बिणीने करतात. काही कापून टाकत नाहीत, आतडी वळवत नाहीत. कड्याच्या आतल्या अंगाला सायकलच्या ट्यूबसारखी फुगणारी नळी असते. तिच्यापासून एक बारीक नळी निघून पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या बटणाला जोडलेली असते, त्याला पोर्ट म्हणतात. डॉक्टर त्यात सुई घालून सलाईन भरतात किंवा काढतात, म्हणजे कडं घट्ट किंवा सैल होतं. थोडक्यात, तुमच्या लेकाला व्हॉल्व्ह बसवलाय आणि हवा भरायला अधूनमधून गॅरेजला जावं लागतं.

घरात मी बंडू आणि पोटात बँड, हा विनोद सांगायला इतकी वर्षं घरचं माणूस नव्हतं, याचंही वाईट वाटायचं.

खोटं का बोललो? आई, तुला आठवत असेल, मी लहान असताना कुणी ‘ढब्ब्या’ म्हटलं की तू म्हणायचीस, खात्यापित्या घरचा आहे. बाबा तर चार भाकऱ्या खाऊन उठणाऱ्यालाच माणूस म्हणायचे. त्या घरात फोन करून ‘मला कमी खाता यावं म्हणून मी पोट बांधून घेतोय’ हे सांगायला जीभ उचलेना. शिवाय लोक याला आळशाचा मार्ग म्हणतात. तुम्ही तसं म्हणाला नसता, पण म्हणाल या धास्तीनेच मी हर्निया काढला. त्यावर आई, तू फोनवर डिंकाच्या लाडवांचं प्रमाण सांगितलंस, अंगात ताकद यावी म्हणून. हिने ते मन लावून केले. मी तेव्हा नुसत्या पातळ पदार्थांवर होतो. तू व्हिडिओवर बघत होतीस म्हणून मी लाडू तोंडापर्यंत नेला आणि हिने कॅमेरा पोरीकडे वळवला. त्या लाडवाचं मला अजून वाईट वाटतं.

ऑपरेशन एवढंसं, खरा अभ्यास नंतर. पहिले काही आठवडे आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असं बाळाच्या उष्टावणापासून सगळं पुन्हा शिकायचं. त्यानंतरचा नियम साधा आहे: एका वेळी अर्धा कप जेवण, लहान घास, नीट चावून गिळायचा आणि पुढच्या घासाआधी मिनिटभर थांबायचं. वीस मिनिटांत जे गेलं ते जेवण. जेवताना पाणी नाही. ऐकायला सोपं वाटतं. माझ्यासारख्या, डबा उघडल्यावर सात मिनिटांत तो धुवायला टाकणाऱ्या माणसाला ते विपश्यनेहून अवघड गेलं.

घास मोठा गेला किंवा घाई झाली की अडकतो. छातीच्या मध्ये कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं होतं, तोंडाला लाळ सुटत राहते, आणि शेवटी घास वर येतो तेव्हाच सुटका. काय अडकेल हे आपल्या पानावर कुणी लिहून ठेवलेलं नाही, ते एकेक करून शोधावं लागलं. ताजी मऊ पोळी अडकते, कारण चावून तिचा गोळाच होतो. चिकट भात अडकतो. मटणाचे धागे, संत्र्याच्या पाकळीची साल, शेवग्याची शेंग यांना रामराम. उलट खाकरा, कडक भाजलेला पोळीचा पापुद्रा, आमटी, पिठलं, मऊ शिजवलेला मासा, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी हे सगळं जातं. सकाळी बँड जास्त घट्ट वाटतो, म्हणून माझा नाश्ता उशिरा.

यातली खरी गोम मात्र वेगळीच. शिरा, श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम यांना बँड अडवतच नाही. सातारी कंदी पेढा तर जिभेवर विरघळून सुळकन उतरतो. पहिल्या वर्षी मी पोळीला घाबरून आइस्क्रीमवर जगायला लागलो आणि वजन उतरायचं थांबलं. कडं भुकेला बांधतं, हावेला बांधत नाही. हे मला कुठल्या डॉक्टरने नाही सांगितलं, ट्राम चालवणाऱ्या एका माणसाने सांगितलं.

आता त्या मंडळींबद्दल. तुम्हाला सांगायला मला इतकी वर्षं लागली आणि त्यांना मी पहिल्या भेटीत सगळं सांगून बसलो, म्हणून त्यांची ओळख करून देणं मला भाग आहे. आमच्या भागातल्या लायब्ररीच्या मागे एक खोली आहे. महिन्यातून एका मंगळवारी संध्याकाळी तिथे बँडवाले जमतात. मला तिथे जायचं नव्हतं. अनोळखी गोऱ्या माणसांत बसून स्वतःच्या पोटाबद्दल काय बोलायचं? सर्जनच्या दवाखान्यातल्या नर्सने जवळजवळ ढकललं. खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, आणि टेबलावर खायला काहीही नाही. आईच्या हिशेबाने हा अपमानच.

त्या दिवशी एका बाईने विचारलं, ‘कशावर अडकतं तुझं?’ मी म्हणालो, आईच्या हातची पोळी. कुणी हसलं नाही. मग एक ग्रीक आजोबा म्हणाले, माझं ब्रेडवर. आणि कोपऱ्यातली एक लेबनीज बाई म्हणाली, माझं सासूबाईंवर. तेव्हा मात्र सगळे हसले. त्या बाईच्या घरचा आग्रह आपल्या पंगतीला लाजवेल असा. सासूबाई वाढत राहणार, नको म्हटलं तर डोळ्यांत पाणी आणणार. ऐकताना मला कितीदा तरी वाटलं की ही वाईची आहे.

डॉक्टरांच्या भेटीत पंधरा मिनिटं मिळतात. त्यांनी पिवळा, हिरवा, लाल असे तीन पट्टे समजावले होते. पिवळा म्हणजे कडं सैल, भूक लागतेय, घास मोठे होतायत. हिरवा म्हणजे थोडक्यात पोट भरतं आणि तास न् तास भरलेलं राहतं. लाल म्हणजे फार घट्ट, रात्री आंबट वर येतं, खोकला येतो, आणि माणूस घट्ट अन्न सोडून गोडधोड पातळावर जातो. चित्र मी घरी फ्रिजला लावलं होतं. पण मी लाल पट्ट्यात आहे हे मला त्या खोलीत कळलं. रात्री दोन उशा घेऊन झोपतो असं मी सहज बोलून गेलो आणि गट चालवणाऱ्या निवृत्त नर्सने बोलणं तिथेच थांबवलं. म्हणाली, उद्याच फोन कर आणि थोडं सलाईन काढून घे. मला वाटायचं, जेवढं घट्ट तेवढं लवकर बारीक. ते अगदी उलट होतं. घट्ट ठेवून उलट्या काढत राहिलं तर बँड जागचा सरकू शकतो. गटातल्या एकाचा सरकलाच. त्याला तो काढावा लागला आणि पुढे दुसरं मोठं ऑपरेशन झालं.

बाबांना आकडे हवेत. 2008 मध्ये इथल्याच मेलबर्नच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतीच शुगर निघालेल्या 60 लठ्ठ माणसांपैकी निम्म्यांना बँड बसवला, बाकीच्यांना आहार, व्यायाम आणि औषधं. दोन वर्षांनी बँडवाल्यांत 73 टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात होती, दुसऱ्या गटात 13 टक्के. माझं मात्र त्या 73 टक्क्यांत पूर्ण नाव लागलं नाही. दोन गोळ्यांतली एक सुटली, एक राहिली. वजन पहिल्या दोन वर्षांत 91 वर आलं, आता 95 आहे. झोपेचा मास्क माळ्यावर गेला. तुमची नात पुढे धावली की तिच्या मागे धावता येतं. सिनेमातल्यासारखा सडपातळ मी झालो नाही, होणारही नाही. गळ्याखाली आणि दंडाला कातडी लोंबते. आई, तू म्हणतेस ना चेहरा उतरलाय, तो हा उतरलाय.

हल्ली बँड कुणी फारसं बसवत नाही. जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करतात, ती स्लीव्ह आता जास्त चालते. शिवाय वजन उतरवायची, आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं आलीत. गटात नवीन येणारे सगळे तसलेच. आम्ही सहा-सात जुने बँडवाले म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जपून ठेवणारे लोक. तरी मंगळवारी जातो. आता माझ्याकडे एक काम आहे: नवीन माणसाच्या शेजारी बसायचं आणि पहिल्यांदा आपलं काय चुकलं ते सांगायचं. परवा एकाचा रात्री अकरा वाजता मेसेज आला, चिकन अडकलंय, काय करू. लिहिलं, वरून पाणी पिऊ नकोस, उभा राहा, घरात फेऱ्या मार, आणि तासाभराने कळव. त्याचं ‘सुटलं’ असं उत्तर येईपर्यंत मी जागा होतो. आई, तू आमच्या तापात जागायचीस तशी.

आता 2019 चं सांगतो. साताऱ्याला मावशीच्या घरच्या लग्नात तू शेजारी उभी राहून पुरी वाढलीस. मी घाईने दोन घास घेतले आणि कार्यालयाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा डोळे लाल होते. बाबांनी हळूच विचारलं, ‘घेतोस का रे?’ बाबा, नव्हती घेतली. आणि आई, तू काहीच बोलली नाहीस, पण दुसऱ्या दिवशी माझ्या पानात निम्मंच वाढलंस आणि दिवसभर गप्प होतीस. याला आता आपलं अन्न गोड लागत नाही, असं तू ताईला म्हणालीस म्हणे. ते वाक्य मी बरोबर घेऊन परत आलो. पाणी बदललं, एवढंच तेव्हा सांगितलं.

म्हणून हे पत्र. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही तिघं येतोय. पंगत होणार, जिलबी-मठ्ठा होणार, वाईचे सगळे काका-काकू ‘अरे, घे की’ म्हणत वाढायला येणार. निघण्याआधी डॉक्टरांकडून थोडं सलाईन काढून बँड सैल करून घेणार आहे, कारण प्रवासात आणि तिकडे काही अडलं तर उगीच धावपळ नको. तरीही, दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा उतरला नाही, तर घरगुती उपाय न करता मला पुण्याला अशी ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनकडे न्यायचं, एवढं ताईने लक्षात ठेवावं. आणि बाबा, अंगदुखीवरची तुमची ती लाल गोळी मला देऊ नका, माझ्या पोटाला ती चालत नाही.

त्या लेबनीज बाईने शेवटी सासूबाईंशी काय केलं ते मी विचारलं होतं. ती म्हणाली, ‘मी त्यांना वाढायचं काम सोडवलं आणि बसायचं काम दिलं.’

आई, तू तेवढंच कर. माझ्या मुंजीतली चांदीची वाटी कपाटात असेल. तिच्यात दोन चमचे वरण आणि कडेला चतकोर भाकरी कुस्करून दे, ताट नको. मग पदर खोचून वाढत फिरू नकोस, माझ्या शेजारी पाटावर बस. मला अर्धा तास लागेल. तेवढ्या वेळात, मी चावत असताना, तू बोल. कुणाच्या सुनेचं काय झालं, घाटावर पाणी किती आलं होतं, काहीही. आणि एक कंदी पेढा मी खाणारच आहे, त्याला कोणाची ना नाही.

ताई, संपलं. आता लाव फोन.

तुमचा,
बंडू