कालव्याचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा : जलसंपदा मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

मी नागभीड तालुक्यातला धान पिकवणारा शेतकरी. त्याआधी तीस वर्षं विदर्भात कालव्यांच्या कामांवर शाखा अभियंता होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. सुमारे ४२६ किलोमीटरचा जोडकालवा, ८७ हजार कोटींवर खर्च, गोसीखुर्द धरणाचं पाणी पार बुलढाण्यापर्यंत. हा प्रकल्प व्हावा असं मला मनापासून वाटतं. यवतमाळ-अकोल्याकडचा कोरडवाहू कास्तकार आभाळाकडे डोळे लावून बसतो, ते मी नोकरीत जवळून पाहिलंय. मला बोलायचंय ते वेळापत्रकाबद्दल.

ज्या गोसीखुर्दातून हे पाणी उचलायचं, त्याचंच बघा. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. मूळ किंमत ३७२ कोटी. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि एकामागून एक सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) होत किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली. सिंचनाचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरांचं. भूमिपूजनाच्या साली जन्मलेलं पोर आज चाळिशीला टेकलंय आणि कालव्यांची कामं अजून चालूच आहेत. पैसा कुठे मुरला यावर पुष्कळ लिहून झालं. कोणतं काम कशाच्या आधी व्हायला हवं होतं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. धरणाची भिंत उभी झाली, पण पाणी २४५.५० मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरता येईना, कारण बुडितातली गावं उठलेली नव्हती. वर्षानुवर्षं थोडं थोडं करत पातळी वाढवावी लागली. म्हणजे काँक्रीटचं काम पुढे आणि माणसांच्या घरांचं मागे राहिलं. घरांचा प्रश्न आधी सुटला असता, तर भिंत बांधल्याचा उपयोग त्याच वर्षी झाला असता.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. प्रकल्पाचं नाव घेत नाही, कारण असं अनेक ठिकाणी घडतं. अकरा किलोमीटरची वितरिका, म्हणजे कालव्याची शाखा होती. दर महिन्याच्या अहवालात तिची प्रगती चढत होती, ६० टक्के, ७० टक्के, ८५ टक्के. मातीकाम सोपं, बिल लवकर निघतं, म्हणून कंत्राटदारानं जिथे जमीन मोकळी मिळाली तिथे आधी खोदलं. तिसऱ्या किलोमीटरला नाल्यावर जलसेतू, म्हणजे कालव्याचं पाणी पलीकडे नेणारा पूल व्हायचा होता. त्याच्या शेजारच्या दीड एकराचं भूसंपादन वारसांच्या नोंदीत अडकलं होतं, त्यामुळे जलसेतूचं काम थांबलं. एका बाजूला तयार कालवा, दुसऱ्या बाजूलाही तयार कालवा, मधे १४० मीटरची फट. नाल्यात चार खांब उभे, वरच्या सळया गंजून तांबड्या झालेल्या. खालच्या आठ किलोमीटरात अस्तरीकरण फुगून फुटलं, भेगांतून बाभळी आल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं भरावावर तूर टोबली होती. ती मला म्हणाली, "साहेब, पाणी यायच्या आधी तूर तरी निघते." त्या मोजमाप पुस्तिकेवर माझी सही आहे. ८५ टक्के मीच लिहिले होते. त्यातलं एक टक्काही पाणी तिच्या शेतात गेलं नव्हतं.

क्रिटिकल पाथची पद्धत जगाला १९५७ पासून ठाऊक आहे. कामांची साखळी मांडायची. जे काम एक दिवस लांबलं की सगळा प्रकल्पच एक दिवस लांबतो, ते शोधायचं आणि आपली माणसं, पैसा, साहेबांचं लक्ष तिथे लावायचं. आमच्या वितरिकेत ती साखळी दीड एकराच्या सातबाऱ्यावर येऊन थांबली होती. निविदेसोबत जोडलेल्या बार चार्टात मात्र भूसंपादनाची ओळच नव्हती. तो तक्ता कंत्राटदाराच्या कामाचा होता, प्रकल्पाचा नव्हता.

दुसरी गोष्ट मोसमाची. निविदेत लिहिलेलं असतं, "कालावधी २४ महिने, पावसाळ्यासह". आमच्याकडे जूनमध्ये पऱ्हे (धानाची रोपं) टाकतात, जुलै-ऑगस्टात रोवणं, भारी धान नोव्हेंबरात कापणीला येतं. तोवर बांधीत चिखल असतो, यंत्र उतरतच नाही. काम होतं ते डिसेंबर ते मे. चोवीस महिन्यांतले बाराच हाती राहतात. त्यातही मार्चअखेरचा खर्च दाखवून कार्यारंभ आदेश निघतो, मे महिन्यात यंत्र येतं आणि ७ जूनला मृग लागतो. पहिलं वर्ष तिथेच संपलं. मग मुदतवाढ, मग भाववाढ. हे वेळापत्रक मंत्रालयातलं कॅलेंडर बघून बनतं. ते नक्षत्रं बघून बनवा.

भूसंपादनाचा वेळ तर कायद्यानंच दिलेला आहे. २०१३ च्या कायद्यात कलम ११ च्या प्राथमिक अधिसूचनेपासून बारा महिन्यांत कलम १९ ची घोषणा आणि त्यानंतर बारा महिन्यांत मोबदल्याचा निवाडा व्हावा लागतो. म्हणजे दोन वर्षं धरूनच चाला. त्यात आमच्या पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वनच असल्याचं स्पष्ट केलं. कालव्याच्या रेषेत असा गट आला की वनमंजुरीचे दोन टप्पे आले. हे काम सुरू झाल्यावर कळायचं कारण नाही, गावनकाशावर आजच दिसतं.

जमीन आधी हातात घेतली तर काय होतं, हेही विदर्भानं पाहिलंय. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची बरीचशी जमीन थेट खरेदीनं घेतली गेली, काम १६ पॅकेजमध्ये वाटून एकाच वेळी चाललं आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा रस्ता सलग उघडला. मुदत तिथेही चुकली, पण तुकड्यातुकड्यात पडून राहिलेला रस्ता कुणाच्या वाट्याला आला नाही. कालव्याला तर हे जास्तच लागू पडतं, कारण गाडी वळणरस्त्यानं जाते, पाणी जात नाही.

म्हणून नदीजोडचा पुढचा कार्यारंभ आदेश निघण्याआधी माझं एवढं ऐका. त्या टप्प्यातली सगळी जमीन ताब्यात आणि वनमंजुरी हातात असल्याशिवाय यंत्र लावू नका. आदेश दिवाळीच्या आसपास द्या. खोदाई वरून खाली, सलग करा. जलसेतू, सायफन, रेल्वेखालची कामं आधी घ्या. रेल्वेकडून नकाशे मंजूर होऊन ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवण्याची वेळ) मिळेपर्यंत किती वेळ जातो, हे आपल्या खात्याला माहीत आहे. प्रगती टक्क्यांत मागवू नका. पाणी कोणत्या साखळी क्रमांकापर्यंत, म्हणजे कालव्याच्या मुखापासून किती अंतरावर पोचलं, तेवढंच विचारा. गोसीखुर्दच्या उरलेल्या कालव्यांना हीच पद्धत आजपासून लावा, कारण नदीजोडचं पाणी त्याच धरणातून निघणार आहे.

आणि मूळ वेळापत्रक मराठीत, ठळक अक्षरांत, कालवा जातो त्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. तारीख बदलली तर जुनी पुसू नका. तिच्याखाली नवी लिहा आणि शेजारी कारण लिहा.

माझ्या तालुक्यातली कोणतीही वितरिका मला द्या. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला टेप घेऊन पायी जाईन आणि पाणी कुठवर आलं ते मोजून आपल्याला कळवेन. मानधन नको. त्या भरावावरच्या बाईला मी द्यायचं उत्तर अजून बाकी आहे.

आपला,
निवृत्त शाखा अभियंता व धान उत्पादक शेतकरी,
तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर