काका, चष्म्यासाठी आभार

आदरणीय काका,

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितोय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

फ्रीमेसन, म्हणजे बंधुभाव मानणारी ती जुनी संघटना, नक्की काय आहे, हे तुमच्याआधी मला कोणी धड सांगितलंच नव्हतं. एक सदस्य नुसते गूढ हसायचे, जणू उत्तर दिलं तर छप्पर कोसळेल. दुसऱ्या एका महाशयांनी इंटरनेटवर थेट 'प्रवेश फी' मागितली, वर श्रीमंतीची हमी. उरलेल्यांच्या लेखी हा सगळा सैतानपूजेचा मामला.

तुम्ही मात्र विचारलं ते सरळ सांगितलंत. ज्याला यायचंय त्यानं स्वतःच्या मर्जीनं यायचं. ईश्वरावर श्रद्धा हवी, मग त्याला कोणत्याही नावानं हाक मारा. धर्म आणि राजकारणाची भांडणं लॉजच्या, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेच्या, दाराबाहेर ठेवायची, हा नियम पार १७२३ साली लंडनमध्ये छापलेल्या घटनेपासूनचा. नव्या माणसाला घ्यायचं की नाही, हे गुप्त मतदानानं ठरतं, पांढऱ्या-काळ्या गोळ्या टाकून. पाथरवटाचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, आणि कंपास स्वतःच्या वागण्याला लावून बघायचा, इथपर्यंत तर काहीच लपवण्यासारखं नव्हतं! धंद्यात ओळखींचा फायदा होईल का, असं मी चाचरत विचारलं, तेव्हा "त्यासाठी येणार असशील तर येऊ नकोस" म्हणालात. वर्गणी आणि जाणारा वेळ, दोन्ही माझ्या बायकोसमोर बसून सांगितलंत. आधी घर, मग नोकरी, मग लॉज, हेही तिलाच उद्देशून.

दीक्षेच्या दिवसाबद्दल फार लिहिणार नाही, लिहायचंही नसतं. पण चष्म्याचं लिहितोच. डोळ्यांवर पट्टी बांधण्याआधी तो काढायला सांगितला आणि मी गडबडलो. माझा नंबर मोठा. चष्म्याशिवाय समोरचा माणूस म्हणजे नुसता डाग. तुम्ही काही न बोलता तो माझ्या हातातून घेतलात, रुमालात गुंडाळलात आणि स्वतःच्या खिशात ठेवलात. पट्टी सुटली तेव्हा मी चाचपडायच्या आत तो माझ्या हातात होता, काचा पुसलेल्या. ज्या उजेडाचं एवढं महत्त्व, तो या पोराला धड दिसावा, इतकाच तुमचा विचार. विधीत याची कुठे नोंद नसणार. कोणी तुम्हाला सांगितलंही नव्हतं.

बंधुभावावर तासभर बोलणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याची अडचण त्यानं तोंड उघडायच्या आत ओळखणारे मोजके. ते फ्रीमेसनांचा एप्रन बांधलेलेही असतात आणि न बांधलेलेही. तसे गूढ हसणारेही दोन्हीकडे सापडतात म्हणा.

फेलोक्राफ्टच्या, म्हणजे शिकाऊनंतरच्या दुसऱ्या, पायरीआधीची प्रश्नोत्तरं मला अजून तोंडपाठ नाहीत. रविवारी येतो, पाठांतर घ्याल ना?

तुमचा,
नवा शिकाऊ