कुत्रा चावला की आधी साबण

महोदय,

मासळीचा लिलाव आटोपला की डोकी-आतडी बंदरावरच पडून राहतात आणि कुत्र्यांचे कळप त्यावर पोसले जातात. वर पर्यटकांची पोरं बिस्किटं घेऊन त्यांच्याच मागे! चावा बसला की मात्र अजूनही जखमेवर हळद, चुना, नाहीतर मिरचीपूड दाबणारे शेजारी धावून येतात. त्यांना लांब ठेवा. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची (विहिरीचा पंप चालू केला तरी भागतं) आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दंडातली रेबीजची लस ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी असते (० म्हणजे पहिल्या सुईचा दिवस). रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिद्रव्यं) द्यावं लागतं. दोन सुया झाल्या की काजू-आंब्याच्या गडबडीत पुढच्या राहून जातात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मांजराचा ओरखडाही दाखवून घ्यावा.

ग्रामपंचायतींनी लिलावाची जागा रोज धुऊन घ्यावी आणि पाऊस लागण्याआधी वाडीवाडीत कुत्र्यांना लस टोचावी. बागेच्या राखणीचे कुत्रेही त्यात आलेच.

– एक वाचक, दापोली