लम परकी नव्हे, शेजारीण आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी चित्रकथांवरचा लेख वाचला. मांगा म्हणजे केवळ हाणामारी आणि बटबटीत डोळे असा समज आपल्याकडे पक्का झालेला असताना एका मराठी वृत्तपत्राने या विषयाला पानभर जागा दिली, हे मनापासून आवडले. मात्र परग्रहवासी माणसांत येऊन राहतात अशा प्रेमविनोदी मांगांविषयी लेखात जे म्हटले आहे, त्यात रुमिको ताकाहाशी यांच्या ‘उरुसेई यात्सुरा’ या मांगावर आणि तिच्या लम या नायिकेवर सरळसरळ अन्याय झाला आहे. परलोकातून उतरलेली, तोकड्या वस्त्रांतली एक आज्ञाधारक सुंदरी कर्तृत्वशून्य मुलाच्या गळ्यात पडते आणि पौगंडावस्थेतल्या वाचकाचे स्वप्नरंजन होते, असा लेखाचा सूर आहे. हे वर्णन या प्रकारातल्या पुष्कळ मांगांना लागू पडते. ज्या मांगापासून हा प्रकार रूढ झाला, तिलाच ते लागू पडत नाही.

ही मांगा शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या ‘शोनेन संडे’ या मुलांच्या साप्ताहिकात १९७८ ते १९८७ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिचे ३४ खंड झाले. आरंभ केला तेव्हा ताकाहाशी विशीच्या उंबरठ्यावरच्या महाविद्यालयीन विद्यार्थिनी होत्या. मुलांच्या साप्ताहिकात, मुलांसाठी, एका तरुणीने लिहिलेली आणि काढलेली ही कथा आहे, ही गोष्ट लेखातून निसटली आहे. ती निसटली की पुढचे सगळे वाचन एका बाजूला कलंडते.

कथेचा आरंभ असा. ‘ओनी’ नावाच्या परग्रहवासीयांची फौज पृथ्वी जिंकायला येते, पण युद्धाऐवजी पकडापकडीचा एक डाव मांडला जातो. संगणक पृथ्वीवरच्या लोकांतून आतारु मोरोबोशी या शाळकरी मुलाची निवड करतो आणि त्याने दहा दिवसांत ओनींच्या राजकन्येची, म्हणजे लमची, शिंगे धरायची असतात. लम उडते, संतापली की विजेचा झटका देते. आतारु मात्र जमिनीवरून धावणारा. शेवटच्या दिवशी शिनोबु ही त्याची मैत्रीण, जिंकलास तर लग्न करीन असे वचन देते. आतारु जिंकतो, ‘आता लग्न!’ या अर्थाचे काहीतरी आनंदाने ओरडतो आणि लमला वाटते की आपल्यालाच मागणी घातली गेली. या एका गैरसमजावर पुढची नऊ वर्षे चालली.

आता हे ओनी कोण? जपानी लोककथेतले राक्षस. डोक्यावर बैलाची शिंगे आणि कमरेला व्याघ्रचर्म हे त्यांचे परंपरेने ठरलेले रूप आहे, कारण दुष्ट शक्ती ज्या ईशान्य दिशेने येतात असे मानले जाते, ती दिशा जुन्या राशिचक्रात बैल आणि वाघ यांच्या मधली आहे. लमच्या ज्या वाघपट्टी वस्त्रांवर लेखात टीका आहे, त्यांचा उगम हा आहे. फेब्रुवारीच्या आरंभी सेत्सुबुनच्या दिवशी जपानी कुटुंबे घरात भाजलेले सोयाबीन उधळून ओनींना बाहेर हाकलतात, आणि मुलांच्या पकडापकडीत ज्याच्यावर राज्य असते त्यालाही ओनीच म्हणतात. ताकाहाशींनी याच खेळात राक्षशिणीला पळायला लावले आणि माणसाला तिच्या मागे धावायला. म्हणजे जपानी वाचकापुढे जे अंतराळयान उतरले, त्यातून त्याच्या आजीच्या गोष्टींतलीच मंडळी बाहेर आली.

एकट्या लमचीच ही गोष्ट नाही. तिची मैत्रीण ओयुकी नेपच्यूनवर राज्य करते, पण मुळात ती जपानी दंतकथांमधली हिमस्त्री आहे. कुरामा राजकन्येचे सेवक म्हणजे पर्वतांत राहणारे पक्षिमुखी तेंगू. दुसरी मैत्रीण बेंतेन ही तर मराठी वाचकाने थांबून पाहावी अशी आहे. जपानमधल्या सात भाग्यदेवतांपैकी बेंझाइतेन ही बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेली आपली सरस्वती. तिच्या हाती बिवा हे तंतुवाद्य असते. ताकाहाशींची बेंतेन मात्र साखळी परजत, उडत्या दुचाकीवरून हवेत गुरकावत येते आणि सेत्सुबुनच्या निमित्ताने भाग्यदेवतांच्या चमूतर्फे ओनींशी दोन हात करते. सरस्वतीचे असे रूप पाहून कुणी रागावेल, मला तरी हसू आवरले नाही.

ही मंडळी टोकियोतल्या तोमोबिकी नावाच्या कल्पित वस्तीत येऊन स्थिरावतात आणि कुणी फारसा चकित होत नाही. या मांगाच्या विनोदाचा कणा तो हाच. अगदी आरंभीच्या एका प्रकरणात आतारु चुकून अंतराळातल्या टॅक्सीत बसतो. भाडे इतके होते की ते वसूल करायला पृथ्वीवरचे सगळे तेल ओढून नेले जाऊ लागते. १९७३ च्या तेलसंकटाची झळ ताजी असलेल्या जपानी वाचकाला हा विनोद किती जवळून लागला असेल याची कल्पना करावी. लम भाडे चुकते करते, पण अट घालते की ती मोरोबोशींच्या घरी राहणार. आणि राहते. आतारुच्या वडिलांना चिंता असते ती घराच्या कर्जाची. ते वर्तमानपत्राच्या आड तोंड लपवून बसतात. आई या पोराला जन्मच द्यायला नको होता असे घोकत स्वयंपाकघरात वावरते. भिंत फुटली, छप्पर उडाले, तरी आईवडिलांचा प्रश्न एकच, डागडुजीचा खर्च कोण देणार. परग्रहवासी सून, किंवा सून होऊ पाहणारी मुलगी, घरात आल्याने त्या घराचे मध्यमवर्गीयपण तसूभरही ढळत नाही.

उलट विक्षिप्त आहेत ती माणसे. मेंदो घराण्याचा वारस पदरी खासगी सैन्य बाळगतो आणि अंधाऱ्या, अरुंद जागेत शिरला की रडू लागतो. चेरी नावाचा भिक्षू अरिष्टाची भाकिते करत दुसऱ्याचे अन्न फस्त करतो. र्युनोसुके ही मुलगी असूनही बापाने तिला हट्टाने मुलगा म्हणून वाढवले आहे. या गोतावळ्यात जे मनात आहे ते तोंडाने सांगणारी, दिलेला शब्द पाळणारी, प्रेमात आहे तर प्रेमात आहे असे चारचौघांत म्हणणारी एकटी लमच आहे. (लमची आई बोलते तेव्हा तिच्या संवादाच्या फुग्यात अक्षरांऐवजी माहजोंगच्या खेळातल्या सोंगट्या काढलेल्या असतात, त्यामुळे तिचे कुणालाच काही कळत नाही. परकेपणा दाखवायचा तर तो इतक्या गमतीने दाखवता येतो.)

लेखातल्या आक्षेपाचा एक भाग मात्र मान्य केला पाहिजे. पहिल्याच डावात आतारु लमचे वस्त्र हिसकावून तिला जवळ येणे भाग पाडतो आणि मग शिंगे धरतो. आजच्या वाचकाला हे खटकावे, आणि ते साप्ताहिकाच्या वाचकवर्गाकडे पाहून काढलेले आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यानंतरच्या शेकडो प्रकरणांत आतारुच्या स्त्रीलंपटपणाचे फळ काय, तर विजेचा झटका, शिनोबुने भिरकावलेले बाक आणि गावभर छी थू. हसे होते ते त्याचेच. शिवाय लम ही स्वप्नसुंदरी म्हणून आधी योजून आणलेली नायिका नव्हतीच. तिने पहिल्या प्रकरणापुरते यायचे आणि जायचे असे ठरले होते, दुसऱ्या प्रकरणात ती दिसतही नाही. तिसऱ्यात परतली आणि तिने शिनोबुला नायिकेच्या जागेवरून कायमचे हटवले.

लेखात ज्या दोषांची यादी आहे ते खरे तर नंतरच्या अनुकरणांत सापडतात. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘टू लव्ह रु’मध्येही परग्रहावरची राजकन्या येते आणि चुकून ऐकलेल्या कबुलीतून विवाह ठरतो, म्हणजे सांगाडा तोच, परंतु तिथे भोळा नायक नकळत सुखात लोळतो आणि शिक्षा नावापुरती होते. ताकाहाशींचा नायक भोळा मुळीच नाही. तो लबाड आहे, आणि त्याची लबाडी वाचकाला पहिल्या पानापासून दिसते.

या लबाडीचा अर्थ अखेरच्या कथेत लागतो. गैरसमज आणि लमला नको असलेल्या एका वाग्दत्त वरामुळे पकडापकडीचा डाव पुन्हा मांडला जातो, पुन्हा दहा दिवसांचा. आतारु हरला तर परग्रहवासीयांची आठवण सर्वांच्या मनातून पुसली जाणार. लमला डाव नको आहे, तिला फक्त एकदा त्याच्या तोंडून प्रेमाची कबुली हवी आहे. आणि तो ती देत नाही, कारण धाकाखाली दिलेल्या कबुलीला काय किंमत. शेवटच्या क्षणी धावता धावता तो पडतो आणि त्याच्या हातातून लमची नकली शिंगे घरंगळतात, जी त्याने सगळ्यांपासून लपवून जवळ ठेवलेली असतात. लमला हवे ते उत्तर मिळते. तो शब्द मात्र ३४ खंडांत येत नाही. मरताना सांगेन, असे काहीसे म्हणून तो पुन्हा पळ काढतो. अशा कथेतली नायिका आज्ञाधारक आहे असे म्हणणाऱ्याने हा शेवट वाचलेला नसावा.

आणखी एक दुरुस्ती. लेखात या मांगाचे सार म्हणून शाळेच्या उत्सवाचा आदला दिवस पुन्हा पुन्हा उगवण्याची जी कथा दिली आहे, ती मांगात नाही. ती या मांगावर बेतलेल्या १९८४ च्या ‘ब्यूटिफुल ड्रीमर’ या चित्रपटातली असून दिग्दर्शक मामोरु ओशी यांची आहे. तो चित्रपट श्रेष्ठ आहे, पण त्याचा गंभीर, उदास स्वभाव ताकाहाशींच्या विनोदाहून अगदी वेगळा आहे. १९८१ ते १९८६ ही दूरचित्रवाणी मालिका आणि २०२२ मध्ये आलेली नवी मालिका यांचाही लेखात एकत्रच उल्लेख झाला आहे. यांपैकी मूळ कथाक्रमाच्या अधिक जवळ जाते ती नवी मालिका. जुनीने बरेच स्वतःचे घातले, आणि मांगात लवकरच मागे पडलेल्या लमच्या चाहत्यांच्या टोळीला तिने मोठे स्थान दिले.

याच विषयावर पुढचा लेख येणार असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. २०१९ मध्ये फ्रान्समधील आंगुलेम महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या या लेखिकेविषयी त्यात लिहिताना निदान मांगा, मालिका आणि चित्रपट वेगवेगळे धरावेत, आणि पहिल्या खंडाबरोबर अखेरचा खंडही विचारात घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे